अर्ध्या तासाचं गवत

दमयंतीबाईंनी हेमचंद्र परतूरकरांचा मोबाइल काढून घेतला, लोखंडी कपाटात पैठणीच्या घडीखाली ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली. त्याचे तात्कालिक कारण म्हणजे आबा जहागीरदारांचे निधन.

आबा खालच्या मजल्यावर राहत. सोसायटीचे सेक्रेटरी मंदार जहागीरदार यांचे ते वडील. ब्याण्णवाव्या वर्षी, कुणाला तसदी न देता गेले. परतूरकर दांपत्य रीतीप्रमाणे भेटायला गेले. हेमचंद्ररावांनी जिना उतरेपर्यंत खेळ चालू ठेवला होता, आणि माणूस खेळातून बाहेर आला तरी डोके मागून सावकाश येते. मंदार गहिवरून म्हणाला, "बाथरूमकडे म्हणून निघाले, आणि दारातच पडले हो."

हेमचंद्ररावांनी दीर्घ उसासा टाकला आणि विचारले, "झोनच्या बाहेर होते का?"

मंदारचा रुमाल डोळ्यांपाशीच थांबला. प्रश्न नीट कळला नसावा असे वाटून त्यांनीच पुढे विचारले, "रिव्हाइव्ह करायला जवळ कुणीच नव्हतं?"

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंना यातले काय कळले कोण जाणे, पण त्या डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "कुठून असणार बाबा, टँकर आला होता ना. सगळी खाली पाइप धरून."

ज्यांना हे शब्द ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडा खुलासा. या खेळात शंभर माणसे विमानातून एका बेटावर उतरतात. बेटावर एक वर्तुळ असते, तो झोन. तो आकसत जातो. बाहेर राहील तो मरतो. आत राहतील त्यांनी एकमेकांना मारायचे. जखमी होऊन पडलेल्या गड्याला वेळेत उठवणे म्हणजे रिव्हाइव्ह, आणि पुढे घुसणाऱ्या गड्याला मागून बंदुकीने राखणे म्हणजे कव्हर. शेवटी जो उरेल तो जिंकला. चाळीस अंशाच्या उन्हाळ्यात, आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या शहरातल्या गारखेडा भागात राहणाऱ्या माणसाला यात नवे काही शिकण्यासारखे नव्हते. तरीही एका सरकारी कार्यालयाचे अधीक्षक, वय वर्षे बावन्न, हेमचंद्र परतूरकर त्यात मानेपर्यंत बुडाले होते.

त्यांची खेळण्याची पद्धत शासकीय होती. बेटावर उतरायचे, उंच गवत शोधायचे आणि त्यात पालथे पडून राहायचे. इतर लोक एकमेकांना मारून संपतात, आपण आपोआप शेवटच्या दहांत जातो. याच मार्गाने ते अधीक्षकही झाले होते. पोरे अशा खेळाडूला 'कॅम्पर' म्हणतात, चिडली की 'साप' म्हणतात. हेमचंद्ररावांना दोन्ही पदव्या वाटत.

शिवाय एक गोष्ट होती, जी ते कुणाला सांगत नसत. कार्यालयात त्यांनी फाइल मागितली तर कारकून "बघतो साहेब" म्हणून चहाला जाई. घरी त्यांनी मत दिले तर कुकरची शिट्टी होई. पण संध्याकाळी त्यांच्या चौघांच्या तुकडीचा म्होरक्या, पिशोरचा बिभीषण, खेळातले नाव 'पिशोरचा वाघ', कानात ओरडे, "काका, कव्हर द्या! तुमच्याबिगर नाय जमायचं!" बावन्न वर्षांत त्यांच्याबिगर काही अडल्याचे हे पहिलेच उदाहरण होते. आणि येत्या रविवारी दुपारी चार वाजता जिल्हा चषकाची अंतिम फेरी होती.

ती त्यांना चुकवायची नव्हती. मोबाइल कपाटात होता.

दमयंतीबाई शाळेच्या मुख्याध्यापिका. कुठलीही शिक्षा त्या तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय देत नाहीत. नवऱ्याला त्या एका समुपदेशक बाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी गोड आवाजात विचारले, "दिवसातून साधारण किती वेळ खेळता?"

"कार्यालयीन वेळ धरून की सोडून?" हेमचंद्रराव म्हणाले.

बाईंनी काहीतरी लिहिले आणि उपाय सांगितला. हिरव्या गवतावर अनवाणी अर्धा तास बसायचे. हातात काही नाही, कानात काही नाही.

घरी हे ऐकून त्यांची मुलगी मृण्मयी सोफ्यावरून घसरली. "म्हणजे टच ग्रास! बाबा, तुम्हाला डॉक्टरनं टच ग्रास लिहून दिलं?"

"हे काय असतं?"

"जो सदा ऑनलाइन असतो ना, त्याला आम्ही म्हणतो, जा, जरा गवताला हात लावून ये. माणसांत ये."

"हा उपचार आहे की अपमान?"

"आतापर्यंत अपमान होता. आता फी भरली ना, उपचार झाला."

दमयंतीबाईंनी अटी घातल्या. रविवारी चारच्या आत एकदा तरी अर्धा तास खऱ्या हिरव्या गवतावर. अनवाणी पाय दिसतील असा फोटो. फोटो काढणारा साक्षीदार त्रयस्थ हवा. मग मोबाइल परत. "मी दुष्ट नाही," त्या म्हणाल्या, "मॅच खेळा. पण आधी माणसांत या."

अर्धा तास गवतावर बसणे! हेमचंद्ररावांना हसू आले. गेले वर्षभर ते दुसरे काय करत होते?

गुरुवारी सकाळी चपला घालून ते खाली उतरले, आणि मग त्यांच्या लक्षात आले की शहरात गवत कुठे असते हे त्यांना ठाऊक नाही. बेटावरचे ठाऊक होते.

लागोपाठ दुसरा कोरडा पावसाळा होऊन गेला होता. शहर मात्र वाढत होते. पाणी नव्हते तिथे फ्लॅट होते, आणि फ्लॅटच्या जाहिरातीत कारंजी होती. मंदार जहागीरदार सुतकात असूनही सल्ला द्यायला गेटवर उभा होता.

"सार्वजनिक बागेत जा, हेमचंद्रराव. आबा रोज जायचे."

"तिथं गवत आहे?"

"आबांच्या वेळी होतं. त्यांना दिसत नव्हतं, पण ते म्हणायचे."

बागेत मोठे तांबूस मैदान होते आणि मधोमध पाटी होती : 'गवतावर बसू नये.' हेमचंद्ररावांनी वाकून पाहिले. एक काडी नव्हती. तरी सवयीने पाटीच्या बाहेर थांबून त्यांनी चपला काढल्या. तोच रखवालदाराने शिट्टी मारली.

"ओ साब! पाटी नहीं दिखती क्या?"

"अरे पण गवत कुठाय?"

"गवत नै है. पाटी है ना?"

"गवतच नाही तर पाटी कशाला?"

"पाटी सरकारी है साब. गवत तो अपने आप उगता था."

या युक्तिवादात हेमचंद्ररावांना काही खोट सापडेना. ते स्वतः असेच उत्तर देत आले होते. ते बागेच्या कचेरीत गेले. तिथल्या बाबूने आपला जातभाई ओळखला आणि चहा मागवला. गवतावर बसण्याची परवानगी द्यायला हरकत नव्हती, पण गवत नसताना परवानगी दिली तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल, असे त्याचे म्हणणे पडले. "त्यापेक्षा असं करू का, गवत नाही असा दाखला देतो. शिक्क्यासकट."

संध्याकाळी हेमचंद्ररावांनी दाखला विजयी मुद्रेने दमयंतीबाईंच्या पुढे ठेवला. 'सद्यःस्थितीत उद्यान क्षेत्रात गवत निरंक.' दमयंतीबाईंनी तो वाचला, त्यातली शुद्धलेखनाची चूक लाल पेनाने दुरुस्त केली आणि परत दिला.

"मी गवत मागितलं होतं."

शुक्रवारी मंदारनेच दुसरा मार्ग काढला. पडेगावकडे त्याच्या साडूचे लग्नाचे लॉन होते. "हिरवंगार! दुष्काळ असो काही असो. साडू म्हणतो, माझं गवत वाळतच नाही." हेमचंद्ररावांनी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली, मंदारच्या स्कूटरवर मागे बसून पडेगाव गाठले आणि खरोखर हिरव्यागार लॉनवर मांडी घातली. दुपारचे ऊन होते. खालून असे काही भाजले की ते अर्धा तास सतत कुल्ला बदलत राहिले. गवत इतके तापते हे त्यांना नवीन होते. मंदारने फोटो काढला आणि लगेच दमयंतीबाईंना पाठवला.

घरी पोहोचले तेव्हा दमयंतीबाई फोटो बोटांनी मोठा करून बघत होत्या.

"काय हो, गवताला शिवण असते का?"

"कुठाय शिवण?"

"ही काय, तुमच्या अंगठ्यापासून थेट मांडवापर्यंत गेलीय. आणि तुमच्या पँटला मागं हिरवा रंग लागलाय."

ती पँट पुढे कधी कामाला आली नाही. मंदार त्यावर म्हणाला, की साडू वाळत नाही म्हणाला होता, उगवतं असं कुठं म्हणाला.

आता शनिवार उजाडला. हेमचंद्रराव गॅलरीत उभे राहून खाली शून्यात बघत होते, आणि त्या शून्यात त्यांना हिरवे काहीतरी दिसले. जिन्यामागच्या बोळात, जिथे मंदारच्या एसीचे पाणी दिवसभर ठिबकत असे, तिथे दोन हात लांब आणि हातभर रुंद असा गवताचा तुकडा होता. दाट. ओला. शिवण नसलेला. रोज ते त्याच्या शेजारून स्कूटर काढत होते. तो बेटावर असता, तर ते एव्हाना त्यात पडलेले असते.

पाण्याच्या टाक्या आणि गेट सांभाळणाऱ्या सारजाबाईंना त्यांनी साक्षीदार केले. चपला काढल्या. पाय ठेवताना त्यांना आत कुठेतरी किंचित चुकल्यासारखे वाटले, म्हणून त्यांनी आधी गवताला हात लावून तो कपाळाला लावला. संस्कार आड येतात ते असे, अर्धेच. मग ते तळवे टेकवून बसले. गार वाटले. खरेच गार वाटले. अर्धा तास त्यांनी काहीही केले नाही, आणि हे आपण कार्यालयाबाहेरही करू शकतो याचे त्यांना नवल वाटले.

"हसा की साहेब," सारजाबाई म्हणाल्या, "मयताला बसल्यावानी बसलाव."

त्यांनी फोटो काढला. आता तो दमयंतीबाईंना पाठवायचा होता. सारजाबाईंकडे दमयंतीबाईंचा नंबर होता, पण सोसायटीचा ग्रुप वरती होता. फोटो तिथे गेला.

पहिली किंकाळी दुसऱ्या मजल्यावरून, वैदेहीकाकूंच्या खिडकीतून आली.

"हेमचंद्रराव! अहो, दूर्वा आहेत त्या! बाप्पाच्या डोक्यावर वाहायच्या दूर्वांवर तुम्ही... तुम्ही बूड टेकलंत?"

मंगळवारी अंगारकी होती. दुष्काळात बाजारात दूर्वा म्हणून कसलेही वाळके तण विकत होते, म्हणून वैदेहीकाकूंनी एसीच्या पाण्यावर हा वाफा लावला होता आणि साऱ्या सोसायटीला त्यातून जुड्या मिळायच्या होत्या. ब्राह्मणाच्या पोटी जन्मलेल्या माणसाला दूर्वा ओळखू येऊ नये, यावर काकू बराच वेळ बोलल्या. हेमचंद्रराव एवढेच म्हणू शकले, की त्यांनी दूर्वा नेहमी जुडी बांधलेल्याच पाहिल्या होत्या. सुट्या कधी पाहिल्या नव्हत्या.

संध्याकाळी पार्किंगमध्ये तातडीची सभा भरली. विषय एकच : दूर्वा बाटल्या की नाही. एक पक्ष म्हणाला, धुऊन घेतल्या की झाले. दुसऱ्याने विचारले, धुवायच्या कुणाच्या पाण्याने? यावर टँकरच्या पाळीचा जुना वाद निघाला. तो मिटेपर्यंत एका गृहस्थाने मुद्दा मांडला, की एसीचे पाणी मुळात सोवळ्यात धरतात का? मंदारला हे लागले. "आमच्या आबांच्या खोलीतला एसी आहे तो!" आणि तो रडू लागला. शेवटी ठराव झाला : परतूरकरांनी रविवार संध्याकाळपर्यंत सोसायटीला पुरतील इतक्या शुद्ध दूर्वा आणून द्याव्यात. सूचक वैदेहीकाकू. अनुमोदक, दमयंतीबाई.

"तू अनुमोदन दिलंस?" जिना चढताना हेमचंद्रराव म्हणाले.

"फोटोत पाय गवतावर आहेत हे मी मान्य केलंय. पण मोबाइल दूर्वा आल्यावर."

शहरात गवत नाही याचा शिक्क्यासकट दाखला ज्याच्या खिशात आहे, त्या माणसाने दूर्वा आणायच्या कुठून? हेमचंद्ररावांनी सारजाबाईंचा फोन मागून घेतला आणि बिभीषणाचा नंबर फिरवला. तो त्यांना पाठ होता. दमयंतीबाईंचा नव्हता.

"कोण? काका? आवं कुटं हाव तुमी? चार दिस झालं ऑफलाइन. उद्या फायनल हाय!"

"बिभीषण, दूर्वा पाहिजेत."

"हे कंचं नवीन हत्यार?"

समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, "एवढंच व्हय! आमचा वाडा, म्हंजी तळ, सध्या पडेगावापाशीच पडलाय. मेंढरं हितंच हायेत. दौलताबादच्या अंगाला एक पेरूची बाग हाय, ठिबकाखाली लई दूर्वा. मालक वळखीचा हाय. उद्या पोतं भरून आणतो. दोन-चार मेंढरं आजारी हायेत, त्यांना दवाखान्यात दावायला टेम्पो काढायचाच हाय. तुमी फकस्त चारला लॉगिन व्हा."

रविवारी तीनच्या सुमारास टेम्पो गेटात शिरला. पुढे चालक, बिभीषण आणि त्याची बायको सुगंधाबाई. मागे पोते आणि पाचसहा मलूल मेंढरे, माना टाकलेली. बिभीषण खाली उतरला. हेमचंद्ररावांनी मनात धिप्पाड वाघ धरला होता. हा हडकुळा, लाजाळू, तिशीतला माणूस होता. त्याने मनात बंदूकधारी काका धरला होता; समोर बनियनवर शर्टाची बटणे लावत असलेला अधीक्षक होता.  मग बिभीषण हळूच म्हणाला, "काका, कव्हर द्या," आणि हेमचंद्ररावांना भरून आले.

"येतानाच इचार करत हुतो," पोते काढायला टेम्पोचा फाळका पाडता पाडता बिभीषण म्हणाला, "आज शाळंवर उतरायचं."

"शाळेवर नको. गर्दी असते. बंदरावर उतरू."

"बंदरावर लूट नाय मिळत."

"अरे, पण गवत आहे तिथं!"

वाद रंगला. हेमचंद्ररावांनी बोटाने हवेत नकाशा काढला, बिभीषणाने तो पुसला. फाळका पडलेलाच राहिला. मेंढरांचा आजार नेमका कशाचा होता हे डॉक्टरांनी सांगायचे राहिले होते, पण पोत्याचे तोंड सुटताच त्यांची प्रकृती एकदम सुधारली. पोते संपवून ती खाली उतरली, आणि मग त्यांना जिन्यामागचा बोळ सापडला.

वैदेहीकाकूंची दुसरी किंकाळी पहिल्याहून वरच्या पट्टीत होती. पण तोवर वाफ्यात फक्त ओली माती उरली होती, आणि मेंढरे वर बघत एसीचे ठिबकणारे पाणी पीत होती.

"आवं!" सुगंधाबाई टेम्पोतून उतरल्या.  त्यांनी मेंढरे वळवली, टेम्पोत चढवली, फाळका लावला आणि हात पुढे केला. बिभीषणाने निमूट खिशातला मोबाइल काढून दिला. त्या सरळ जिना चढून दमयंतीबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"ताई, तुमच्याकडं कुलपाचं कपाट हाय म्हनं?"

"हो. या ना. कोण आपण?"

"वाघाची बायकू." त्यांनी मोबाइल पुढे धरला. "ह्योबी ठिवा. परवा ह्यांचं 'रश कर, रश कर' चाललं हुतं तवा कोकरू आडात पडलं. म्या दोर सोडून काढलं. ह्यास्नी दुसऱ्या दिशी कळलं, तेबी म्या सांगितलं म्हून."

दमयंतीबाईंनी त्यांचा हात धरून आत घेतले. कपाट उघडले. पैठणीच्या घडीखाली दोन मोबाइल शेजारी शेजारी झोपले. चहा ठेवला गेला.

चार वाजता कपाट वाजू लागले. आतून दोन्ही मोबाइल थरथरत होते. तुकडीतली उरलेली दोन पोरे कुठूनतरी काका आणि वाघाला हाका मारत असणार. सुगंधाबाई बशीत चहा ओतत म्हणाल्या, "वाजू द्या. कोकरू बी असंच वरडत हुतं."

खाली हेमचंद्रराव आणि बिभीषण उजाड वाफ्याच्या कडेला बसले होते. चपला काढलेल्या होत्या. का, ते दोघांनाही सांगता आले नसते. शहरातला शेवटचा हिरवा तुकडा संपला होता, जिल्हा चषक त्यांच्याशिवाय सुरू झाला होता, आणि सोसायटीने परतूरकरांविरुद्ध दुसरा ठराव घ्यायला खुर्च्या मांडल्या होत्या.

"आता विमान निघालं आसंल," बिभीषण म्हणाला.

"हं."

"म्या शाळंवर उतरलो असतो."

 हेमचंद्ररावांनी काडी उचलली आणि ओल्या मातीत एक रेघ ओढली. "ही नदी," ते म्हणाले. "हा पूल. आता सांग, तू शाळेवर उतरलास तर मी पुलावरून तुला कव्हर कसं देणार?"

बिभीषणाने इकडेतिकडे पाहिले. मेंढरांनी मागे ठेवलेल्या लेंड्या मुबलक होत्या. त्याने एक उचलून शाळेत ठेवली. "ह्यो म्या." दुसरी पुलावर. "ह्ये तुमी." मग ओंजळभर बेटावर पसरल्या. "ही बाकीची जनता."

सभेसाठी जमलेले लोक आधी नापसंतीने बघत होते. मग मंदार वाकला. "हेमचंद्रराव, ही डोंगरामागची कोण? तुमच्या पाठीवर येतेय."

"कोणती?"

"ही मोठी."

"शिवू नका तिला!" वैदेहीकाकू ओरडल्या, आणि मग जरा वेळाने म्हणाल्या, "त्यापेक्षा तिकडून फिरून या ना. झाडीतून."

"काकू, झाडी नाय तिथं."

"मग मी लावते," काकू म्हणाल्या आणि तुळशीच्या चार वाळक्या काड्या खोचून बसल्या. आत्याबाईंना खुर्ची आणून दिली गेली. मृण्मयीने बांगडी काढून झोन म्हणून ठेवली. ठराव तसाच राहिला.

गॅलरीत दमयंतीबाई आणि सुगंधाबाई कप घेऊन उभ्या होत्या. खाली चांगलाच गलका झाला होता.

"हाक मारू का?" दमयंतीबाई म्हणाल्या. "हेही तेच चाललंय."

सुगंधाबाईंनी खाली वाकून नीट पाहिले. त्यांचा नवरा माती लागलेल्या हाताने कुणा अनोळखी म्हातारीला काहीतरी समजावून सांगत होता, आणि म्हातारी हसत होती.

"ऱ्हाऊ द्या, ताई," त्या म्हणाल्या. "आता हाक मारली की माना तरी वर व्हतील."